ऑक्सफर्डचे पब आणि विद्यापीठाची सत्ता

थेम्स आणि चेरवेल या दोन नद्यांच्या बेचक्यात, थोड्या उंचवट्यावर ऑक्सफर्डचे जुने नगर वसले आहे. चार दिशांनी आलेले रस्ते त्याच्या मध्यावर एकमेकांना मिळतात. या चौकाचे नाव कारफॅक्स. चौकाच्या एका कोपऱ्यावर चौकोनी दगडी मनोरा उभा आहे. सेंट मार्टिनचे चर्च, म्हणजे नगरवासीयांचे चर्च, इथे होते. रस्ता रुंद करण्यासाठी १८९६ मध्ये ते पाडले आणि मनोरा तेवढा राखला. सुमारे २३ मीटर उंचीचा हा मनोरा चढून गेले की शहराची सगळी मांडणी नजरेखाली येते: पूर्वेला हाय स्ट्रीटच्या दुतर्फा कॉलेजांचे कळस, दक्षिणेला क्राइस्ट चर्चचा टॉम टॉवर, पश्चिमेला जुन्या किल्ल्याचा बुरूज. कारफॅक्सच्या परिसरात नव्या इमारतींच्या उंचीवर नगरपालिकेची मर्यादा असल्यामुळे हे दृश्य अजून टिकून आहे. मनोऱ्याच्या समोर, नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावर एका बँकेची इमारत आहे आणि तिच्या भिंतीत एक छोटा कोरीव दगड बसवलेला आहे. १२५० ते १७०९ या काळात या जागी स्विंडलस्टॉक नावाचे मद्यगृह होते, एवढेच तो सांगतो. पाहुण्यांची रीघ त्याच्यासमोरून पुढे सरकते आणि त्याच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठ गावावर पाच शतके कसे कुरघोडी करून राहिले, हे समजून घ्यायचे तर सुरुवात या दगडापासूनच करावी लागते.

ऑक्सफर्डमध्ये अध्यापन चालू असल्याच्या खुणा १०९६ पासून मिळतात. ११६७ च्या सुमारास दुसऱ्या हेन्री राजाने इंग्लिश विद्यार्थ्यांना पॅरिसला जाण्यास बंदी केली, तेव्हापासून इथली वर्दळ वाढली. त्या काळी विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. गुरू भाड्याच्या खोलीत शिकवत आणि विद्यार्थी गावकऱ्यांच्या घरात भाड्याने राहत. पाव, मांस, सरपण, मेणबत्त्या, बिअर, सगळे गावातूनच घ्यावे लागे. भाडे जास्त, माप कमी, माल हलका अशा तक्रारी एका बाजूने होत. धर्मगुरूंच्या वर्गात मोडत असल्यामुळे गावच्या न्यायालयात विद्यार्थ्यांना हात लावता येत नाही, ही दुसऱ्या बाजूची तक्रार. १२०९ मध्ये एका स्त्रीच्या खुनावरून गावकऱ्यांनी दोन-तीन विद्यार्थ्यांना फाशी दिले. त्यावर गुरू आणि विद्यार्थी गाव सोडून निघून गेले. त्यातले काही केंब्रिजला स्थायिक झाले आणि तिथल्या विद्यापीठाची सुरुवात झाली. १२१४ मध्ये पोपच्या प्रतिनिधीने तडजोड घडवली, ती सगळी व्यवहाराची होती: विद्यार्थ्यांच्या घरांचे भाडे दहा वर्षे निम्मे, अन्नधान्य रास्त भावात आणि गरीब विद्यार्थ्यांसाठी गावाने दरसाल ठरावीक रक्कम.

त्या काळातल्या मद्यगृहांची विभागणी लक्षात घेतली की पुढचे भांडण नीट कळते. मुक्कामाची, घोडे बांधण्याची सोय असलेली ती सराई. परदेशी द्राक्षमद्य विकणारे ते टॅव्हर्न. तिथे पैसेवाले जात. एल, म्हणजे त्या काळची बिअर, विकणारी घरे सर्वांत साधी. एलमध्ये तेव्हा बिअर टिकवणारी हॉपची फुले घालत नसत, त्यामुळे ती चार-सहा दिवसांत आंबून खराब होई. म्हणून ती थोडी थोडी आणि वारंवार करावी लागे, आणि हे काम मुख्यतः बायका घरच्या घरी करत. सातू भिजवून मोड आणायचे, भट्टीत सुकवायचे, भरडून गरम पाण्यात मुरवायचे, तो गोड काढा गाळून आंबवायचा. तयार झाली की दारावर काठी बांधून तिला पाल्याची जुडी लावायची, म्हणजे तपासनिसाला आणि गिऱ्हाइकालाही कळे. एलची किंमत धान्याच्या भावाशी बांधून देणारा कायदा तेराव्या शतकात आला. माप आणि चव तपासण्याचा अधिकार ज्याच्या हाती, दंडाचे पैसेही त्याचेच. ऑक्सफर्डमध्ये या अधिकारावरून गाव आणि विद्यापीठ यांची सतत ओढाताण चाले.

१० फेब्रुवारी १३५५ हा सेंट स्कोलॅस्टिकाचा दिवस. त्या दिवशी स्विंडलस्टॉकमध्ये काही विद्यार्थी बसले होते. पुढ्यात आलेली वाइन खराब असल्याची तक्रार त्यांनी केली. मालकाने उद्धट उत्तर दिले, तेव्हा एकाने वाइन त्याच्या तोंडावर फेकली आणि पाठोपाठ भांडेही. मद्यगृहाची मालकी खुद्द महापौर जॉन द बेरफर्डकडे होती, त्यामुळे मामला गल्लीतल्या बाचाबाचीपुरता उरला नाही. गावकऱ्यांनी सेंट मार्टिनच्या घंटा वाजवून माणसे गोळा केली. विद्यापीठाने हाय स्ट्रीटवरच्या सेंट मेरी चर्चच्या घंटा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून हत्यारबंद लोक काळे निशाण घेऊन वेशीतून आत शिरले. वसतिगृहे फोडली गेली, विद्यार्थी खोल्यांतून ओढून मारले गेले. तीन दिवस हे चालले. मेलेल्यांचा परंपरेने सांगितला जाणारा आकडा विद्यापीठाच्या बाजूला ६३ आणि गावाच्या बाजूला सुमारे ३० असा आहे.

लढाई गावाने जिंकली, पण राजाने कौल दिला तो विद्यापीठाला. महापौर तुरुंगात गेला. तिसऱ्या एडवर्डने जून १३५५ मध्ये दिलेल्या सनदेने पाव, एल आणि वाइन यांच्या विक्रीवरचा ताबा, वजनमापांची तपासणी आणि रस्त्यांच्या स्वच्छतेवरची देखरेखही विद्यापीठाकडे सोपवली. बाजारावरची खरी सत्ता अशी एका दमात गावाच्या हातून गेली. शिवाय अपमान वेगळाच. दर वर्षी १० फेब्रुवारीला महापौर, दोन बेलिफ आणि ६० नागरिकांनी सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन मृतांसाठी प्रार्थनेला बसायचे आणि प्रत्येकाने एक पेनी वाहायची, असा दंडक घालून दिला गेला. धर्म बदलला, राजघराणी बदलली, तरी हा प्रायश्चित्ताचा विधी चालूच राहिला. १८२५ मध्ये महापौराने जायला नकार दिला, तेव्हा तो थांबला. १० फेब्रुवारी १९५५ रोजी, घटनेला ६०० वर्षे झाली त्या दिवशी, विद्यापीठाने महापौरांना मानद पदवी दिली आणि नगराने कुलगुरूंना मानद नागरिकत्व दिले. दोन्ही बाजूंनी उशिरा का होईना, मनापासून केलेला हा समेट ऑक्सफर्डच्या इतिहासातला एक चांगला दिवस मानायला हवा.

सेंट मेरी चर्च आजही हाय स्ट्रीटवर उभे आहे. त्याचा मनोरा तेराव्या शतकातला, कळस चौदाव्या शतकातला. कॉलेजे उभी राहण्यापूर्वी विद्यापीठाची सभा, पदवीदान, ग्रंथसंग्रह आणि न्यायनिवाडा सगळे इथेच होई. आतला एक खांब पाहण्यासारखा आहे. प्रोटेस्टंट आर्चबिशप क्रॅनमरला १५५६ मध्ये जाळण्याआधी इथे सर्वांसमोर उभे केले, त्यासाठी उभारलेल्या मंचाची फळी टेकवायला खांबाच्या दगडात खाच पाडली होती. ती खाच तशीच आहे, बोटाने चाचपता येते. मत मागे घेतल्याचे त्याने जाहीर करावे या अपेक्षेने उभा केलेला तो मंच. क्रॅनमरने तिथूनच आपली कबुली झिडकारली आणि त्याला थेट ब्रॉड स्ट्रीटवर नेऊन जाळले. लॅटिमर आणि रिडली हे दोन बिशप त्याच्या आधी, ऑक्टोबर १५५५ मध्ये, तिथेच जाळले गेले होते. रस्त्याच्या फरसबंदीत दगडांचा एक क्रूस ती जागा दाखवतो. सेंट जाइल्स रस्त्याच्या तोंडाशी असलेले शहिदांचे उंच स्मारक त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८४३ मध्ये पुरे झाले.

१३५५ नंतर विद्यार्थी हळूहळू गावातल्या घरांतून कॉलेजांच्या चौकात आले. युनिव्हर्सिटी, बेलियल आणि मर्टन ही तीन कॉलेजे १२४९ ते १२६४ या काळात स्थापन झाली होती; मर्टनमधला मॉब क्वाड हा चौक चौदाव्या शतकात पुरा झाला. एकच दरवाजा, आत हिरवळ, चारी बाजूंना खोल्या, प्रार्थनागृह आणि भोजनगृह, अशी ही रचना. रस्त्याकडे तिची पाठ असते. १३७९ मध्ये स्थापन झालेल्या न्यू कॉलेजला तर नगराच्या तटबंदीलगतची जागा मिळाली ती तटाची डागडुजी करत राहण्याच्या अटीवर. आजही दर तीन वर्षांनी महापौर लवाजम्यासह येऊन तट पाहून जातात. इंग्लंडमध्ये मध्ययुगीन नगरांचे तट बहुतेक ठिकाणी ढासळले. इथला तट कॉलेजाच्या बागेत इतका सलग उभा आहे तो या अटीमुळे.

खाणेपिणेही कॉलेजाने आत आणले. कॉलेजांची स्वतःची तळघरे होती, स्वतःच्या बिअरच्या भट्ट्या होत्या. क्वीन्स कॉलेजची भट्टी सर्वांत जास्त टिकली. ती १९३९ मध्ये बंद पडली. भोजनगृहात शिष्टाचार मोडला तर शिक्षा म्हणून मोठे भांडेभर बिअर एका दमात प्यायला लावायची, तिला स्कॉन्स म्हणत. पुढे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान झालेले बॉब हॉक १९५० च्या दशकात इथे शिकत होते, तेव्हा अडीच पिंट बिअर त्यांनी ११ सेकंदांत संपवली आणि गिनेसच्या पुस्तकात नाव मिळवले. टर्फ टॅव्हर्न या पबमधली पाटी हा पराक्रम आपल्याकडे झाल्याचे सांगते. हॉक यांच्या आठवणींनुसार मात्र ते घडले युनिव्हर्सिटी कॉलेजच्या भोजनगृहात, गाऊन न घालता आल्याबद्दल झालेल्या स्कॉन्समध्ये. पबची पाटी आणि माणसाची आठवण यांत आठवणीवर विश्वास ठेवलेला बरा.

टर्फ टॅव्हर्न आहे ती जागा मात्र खरोखर बघण्यासारखी. हर्टफर्ड कॉलेजच्या दोन इमारती जोडणारा कमानीचा पूल १९१४ मध्ये बांधला. व्हेनिसमधल्या पुलावरून त्याला ब्रिज ऑफ साइज म्हणतात. पुलाजवळून डाव्या हाताला सेंट हेलेन्स पॅसेज नावाची बोळ फुटते. दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटून उभे राहावे लागेल, इतकी ती अरुंद आहे. वळण घेऊन ती एकदम फरसबंद अंगणात उघडते. बुटके दार, डोके लागेल अशा तुळया, आणि अंगणाच्या कडेला नगराच्या जुन्या तटाचा भाग. पब तटाला लागून, पण बाहेरच्या बाजूला आहे. तटाबाहेर नगराच्या आणि कॉलेजांच्या कारभाऱ्यांची नजर कमी पोचे, आणि जुगार, कोंबड्यांच्या झुंजी अशा न चालणाऱ्या गोष्टी अशाच जागी चालत. अठराव्या शतकात या जागेचे नाव स्पॉटेड काऊ होते. टर्फ हे नाव १८४० च्या दशकातले.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डच्या पबच्या इतिहासाला एक वेगळे वळण लागले. किंग्ज आर्म्स हा पब पार्क्स रोड आणि हॉलीवेल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १६०७ मध्ये उघडला; नावातला राजा म्हणजे नुकताच गादीवर आलेला पहिला जेम्स. त्याची जागा पुढे शेजारच्या वॉडम कॉलेजची झाली. लॅम्ब अँड फ्लॅग हा सोळाव्या शतकापासूनचा पब सेंट जॉन्स कॉलेजने १६१३ मध्ये सेंट जाइल्सवरच्या आजच्या जागी हलवला. नावातले निशाणधारी कोकरू म्हणजे सेंट जॉन द बॅप्टिस्टचे चिन्ह. हाय स्ट्रीटवरची मायटर ही मध्ययुगीन सराई लिंकन कॉलेजच्या मालकीची. म्हणजे विद्यापीठ विद्यार्थ्यांना मद्यगृहापासून दूर ठेवायला बघत होते आणि त्याच विद्यापीठाची कॉलेजे मद्यगृहांची घरमालक होती. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. जमीन हे कॉलेजांचे मुख्य उत्पन्न होते, आणि भरवस्तीतल्या जमिनीवर सर्वांत जास्त भाडे देणारा भाडेकरू सराईवाला असे.

यादवी युद्धात, १६४२ ते १६४६, पहिल्या चार्ल्स राजाने ऑक्सफर्डला आपली राजधानी केली. तो क्राइस्ट चर्चमध्ये राहिला, त्याची पार्लमेंट तिथल्या भोजनगृहात भरली, कॉलेजांची चांदीची भांडी वितळवून सैन्याच्या पगाराची नाणी पाडली गेली. याच काळातली बोडलियन ग्रंथालयाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६०२ मध्ये टॉमस बोडलीने उघडलेल्या या ग्रंथालयाचा नियम असा की पुस्तक बाहेर जाणार नाही. १६४५ मध्ये चार्ल्सने एक पुस्तक मागवले, तेव्हा ग्रंथपालाने राजालाही नियम दाखवला आणि राजाने तो मानला. वाचक होताना आजही शपथ घ्यावी लागते, त्यात ग्रंथालयात आग किंवा ज्योत न आणण्याचे वचन आहे. ड्यूक हम्फ्रीचे १४८८ चे दालन, त्याच्या खाली डिव्हिनिटी स्कूलचे कोरीव दगडी छत, आणि बाहेर चौकात जेम्स गिब्जने १७३७ ते १७४९ या काळात बांधलेला रॅडक्लिफ कॅमेराचा घुमट, एवढ्या तीन गोष्टींसाठी एक आख्खा दिवस राखून ठेवावा. शेल्डोनियन सभागृह (१६६४ ते १६६९) ही ख्रिस्टोफर रेनची सुरुवातीची वास्तू. त्याच्या शेजारची, १६८३ मध्ये ॲशमोलियन म्हणून उघडलेली इमारत आता विज्ञानेतिहासाचे संग्रहालय आहे. १६ मे १९३१ रोजी आइन्स्टाइनने व्याख्यानात लिहिलेला फळा तिथे पुसू न देता जपला आहे.

पबला पहिला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो कॉफीचा. १६५० च्या सुमारास हाय स्ट्रीटवरच्या एंजल सराईत जेकब नावाच्या माणसाने कॉफी विकायला सुरुवात केली. इंग्लंडमधले हे पहिले कॉफीगृह मानतात. पाच-सहा वर्षांनी आर्थर टिलियर्ड नावाच्या औषधविक्याने ऑल सोल्स कॉलेजजवळ आपले कॉफीगृह काढले. शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल त्या वेळी हाय स्ट्रीटवरच राहत होता, रॉबर्ट हूक त्याचा सहायक होता, आणि प्रयोगांवर बोलायला जमणारी मंडळी रॉयल सोसायटीच्या पहिल्या पिढीत गेली. नशा न येता तासन्‌तास बसता येईल अशी जागा मिळाल्याचा हा परिणाम होता. त्या काळचा रोजनिशीकार अँथनी वुड मात्र विद्यार्थी कॉफीगृहात बसून अभ्यास बुडवतात म्हणून कुरकुरत असे.

रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी क्राइस्ट चर्चच्या टॉम टॉवरमधली मोठी घंटा १०१ ठोके देते. कॉलेजच्या मूळ १०० विद्यार्थ्यांसाठी शंभर आणि मागाहून वाढलेल्या एकासाठी एक. वेळ अशी अडनिडी असण्याचे कारण भूगोल आहे: ऑक्सफर्डचे स्थानिक घड्याळ ग्रीनिचच्या पाच मिनिटे मागे होते आणि कॉलेजने जुनाच हिशोब ठेवला. मनोऱ्याचा वरचा भाग रेनने १६८१-८२ मध्ये रचला. घंटा वाजली की कॉलेजांचे दरवाजे बंद होत. उशिरा येणाऱ्याला दंड, आणि गावात सापडलेल्याची गाठ प्रॉक्टरशी. प्रॉक्टर म्हणजे विद्यापीठाचे शिस्त अधिकारी. त्यांच्यासोबत विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस असत. गोल टोपीतल्या या शिपायांना विद्यार्थी बुलडॉग म्हणत. पबमध्ये शिरून विद्यार्थ्याला नाव आणि कॉलेज विचारण्याचा, गाऊन नसेल तर दंड करण्याचा त्यांना हक्क होता. १८४४ मध्ये रेल्वे आली, तेव्हा तिच्या कायद्यातही विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना स्टेशनात मोकळा प्रवेश ठेवला गेला. पबवरचे हे निर्बंध दुसऱ्या महायुद्धानंतर सैल होत गेले. विद्यापीठाचे पोलीस दल मात्र २००३ पर्यंत होते.

या सगळ्यात गावाचा पब कुठे होता, हा प्रश्न पाहुण्यांच्या वाटाड्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला घरात बिअर करून विकण्याची मुभा मिळाली आणि देशभर छोट्या बिअरघरांचे पेव फुटले. त्याच वर्षी विद्यापीठाचा छापखाना वॉल्टन स्ट्रीटवर आला आणि त्याच्यामागे कालव्यापर्यंत जेरिको ही कामगारांची वस्ती उभी राहिली. खिळे जुळवणारे, बांधणी करणारे, कालव्यावरचे हमाल यांचे पब गल्लोगल्ली होते. १८९५ मधल्या टॉमस हार्डीच्या 'ज्यूड द ऑब्स्क्युअर' या कादंबरीतला दगडकाम करणारा ज्यूड, कॉलेजात प्रवेश न मिळालेला, मद्यगृहात लॅटिन म्हणून दाखवतो. गावातल्या हुशार, गरीब माणसाला विद्यापीठाच्या भिंती कशा दिसत असतील ते या कादंबरीइतके कुठेच आलेले नाही. जेरिकोतल्या एका पबला नंतर तिचेच नाव मिळाले. या पबना बिअर पुरवणारी मॉरेल्सची भट्टी सेंट टॉमस स्ट्रीटवर अठराव्या शतकापासून चालू होती. १९९८ मध्ये ती बंद पडली आणि तिच्या जागी घरे झाली. शहराच्या पश्चिम भागात वाऱ्याबरोबर येणारा शिजत्या माल्टचा वास त्याबरोबर गेला.

किंग्ज आर्म्सच्या दारात उभे राहिले की रस्त्यापलीकडे एक वास्तू दिसते, तिच्या छोट्या घुमटावर वाऱ्याची दिशा दाखवणारा हत्ती आहे. ही जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. तिचा महाराष्ट्राशी संबंध थेट आहे. कंपनी सरकारच्या मुंबईच्या फौजेतला अधिकारी जोसेफ बोडन याने मृत्युपत्राने दिलेल्या पैशातून १८३२ मध्ये ऑक्सफर्डला संस्कृतचे अध्यासन सुरू झाले. १८६० मध्ये त्या जागेसाठी मॅक्स म्यूलर आणि मोनिअर विल्यम्स यांच्यात निवडणूक झाली आणि विल्यम्स निवडून आले. त्यांचा जन्म १८१९ मध्ये मुंबईतला. त्यांनी पुन्हा भारतात येऊन संस्थानिकांकडून देणग्या गोळा केल्या. १८८३ मध्ये कोनशिला बसली आणि १८९६ मध्ये इमारत पुरी झाली. प्रवेशदालनात देवनागरीत कोरलेला संस्कृत लेख आहे. इन्स्टिट्यूटचे ग्रंथ १९६० च्या दशकात इथून हलवले गेले आणि इमारत दुसऱ्या कामाला लागली. देणग्या कशासाठी दिल्या होत्या ते आठवता हा निर्णय खटकतो. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. ऑक्सफर्डमध्ये कायद्याच्या पदवीची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८९२ मध्ये खास ठराव करून विद्यापीठाने त्यांना बसू दिले. पदवी हातात पडली ती १९२२ मध्ये, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवातच १९२० मध्ये केली.

पबमध्येही स्त्रियांना तितकीच वाट पाहावी लागली. किंग्ज आर्म्सची मागची खोली १९७३ पर्यंत फक्त पुरुषांसाठी होती. शहरात असा नियम पाळणारी ती शेवटची जागा. त्याच्या पुढच्याच वर्षी जी पाच पुरुषांची कॉलेजे स्त्रियांना प्रवेश देऊ लागली, त्यांत या पबचे घरमालक वॉडमही होते.

सेंट जाइल्सच्या पश्चिमेला असलेल्या ईगल अँड चाइल्डचे नाव जगभर पोचले ते इंक्लिंग्ज या लेखकमंडळामुळे. सी. एस. लुइस, जे. आर. आर. टॉल्किन, चार्ल्स विल्यम्स आणि त्यांचे मित्र दर मंगळवारी दुपारच्या जेवणाआधी मागच्या रॅबिट रूममध्ये जमत. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पबच्या टेबलावर वाचली गेली, असे पुष्कळांना वाटते. हस्तलिखिते वाचली जात ती गुरुवारी रात्री, मॉडलिन कॉलेजातल्या लुइसच्या खोल्यांत. पबमध्ये होत त्या गप्पा, वादविवाद, थट्टा. १९६२ मध्ये पबची मोडतोड करून मागची बाजू वाढवली, तशी रॅबिट रूमची खाजगी बैठक गेली आणि मंडळी समोरच्या लॅम्ब अँड फ्लॅगमध्ये बसू लागली.

बेअरची ओळख वेगळ्या गोष्टीने आहे. मूळची बेअर सराई हाय स्ट्रीटवरची, मध्ययुगापासूनची. ती १८०१ मध्ये बंद झाली आणि तिचे नाव मागच्या गल्लीतल्या छोट्या पबने घेतले. १९५२ मध्ये तिथल्या मालकाने टायचे टोक कापून देणाऱ्याला अर्धा पिंट बिअर द्यायला सुरुवात केली. क्लबांच्या, शाळांच्या, रेजिमेंटांच्या टायची साडेचार हजारांवर टोके भिंतींवर आणि छतावर काचेच्या चौकटींत लावलेली आहेत. खोल्या इतक्या बुटक्या की छतावरच्या चिठ्ठ्या उभ्याने वाचता येतात. ब्रॉड स्ट्रीटवरचा व्हाइट हॉर्स हा पब ब्लॅकवेल या पुस्तकांच्या दुकानाच्या मधोमध दाबून बसला आहे. दुकान १८७९ मधले, आणि १९६६ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या बागेखाली खोदलेल्या त्याच्या तळघरात पुस्तकांच्या सुमारे पाच किलोमीटर फळ्या आहेत.

गावाबाहेर थेम्सच्या काठाने पोर्ट मेडोच्या मोकळ्या कुरणातून चालत गेले की बिन्सीला पर्च आणि पुढे गॉडस्टोला ट्राउट हे दोन पब लागतात. या कुरणात गावकऱ्यांची गुरे-घोडी चारण्याचा हक्क मध्ययुगापासूनचा आणि तो आजही चालतो. ४ जुलै १८६२ रोजी क्राइस्ट चर्चचा गणिताचा अध्यापक चार्ल्स डॉजसन, डीनच्या तीन मुली आणि एक मित्र फॉली ब्रिजपासून नाव वल्हवत गॉडस्टोला गेले. वाटेत मुलींना सांगितलेली गोष्ट १८६५ मध्ये लुइस कॅरोल या नावाने 'ॲलिस' म्हणून छापली गेली. पर्चचे गवती छप्पर २००७ मध्ये जळाले आणि पुन्हा शाकारले गेले. ट्राउटसमोर बंधाऱ्यावरून पाणी कोसळते आणि पलीकडे गॉडस्टोच्या जोगिणींच्या मठाच्या भिंती उभ्या आहेत. या बाजूला संध्याकाळच्या उन्हात जावे.

वर्षातून एकदा गाव आणि विद्यापीठ खरोखर एकत्र रस्त्यावर येतात. १ मेच्या पहाटे सहा वाजता मॉडलिन कॉलेजच्या १५०९ मध्ये पुऱ्या झालेल्या मनोऱ्यावरून गायनवृंद लॅटिन स्तोत्र म्हणतो. खाली पुलावर हजारो लोक उभे असतात. त्यानंतर मॉरिस नाच करणारे गल्ल्यांत उतरतात आणि पब न्याहारीसाठी पहाटेच उघडलेले असतात. पबच्या वेळांवरचे निर्बंध पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी आले होते. दुपारी पब बंद ठेवण्याची सक्ती १९८८ पर्यंत टिकली. त्यामुळे पहाटेचा हा अपवाद पूर्वी अधिकच जाणवत असे.

२०२० च्या मार्चमध्ये कोविडमुळे सगळे पब बंद झाले. ईगल अँड चाइल्ड पुन्हा उघडलाच नाही. २०२३ मध्ये एलिसन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तो विकत घेतला आणि जुन्या खोल्या राखून तो पुन्हा चालू करण्याचे काम हाती घेतले. लॅम्ब अँड फ्लॅग सेंट जॉन्स कॉलेज स्वतः चालवत असे आणि नफ्यातून संशोधक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देत असे. जानेवारी २०२१ मध्ये तो बंद झाला, तेव्हा शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन इंक्लिंग्ज याच नावाची कंपनी काढली, कॉलेजकडून जागा भाडेपट्ट्याने घेतली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पब उघडला. घरमालक कॉलेजच राहिले. बिअरची पिंपे लावण्यापासून हिशोबापर्यंतचा कारभार आता गावकऱ्यांच्या कंपनीकडे आहे.